कोरीची दोन टोकं

फार पूर्वी, समुद्राच्या पोटात एक लहानसं बेट होतं, नारळाच्या झाडांनी गच्च भरलेलं. त्या बेटावरच्या एका घरात एक सून होती. आवडी तिचं नाव. तिचं माहेर समोरच्या काठावर. इतकं समोर, की तिन्हीसांजेला आईनं चूल पेटवली की धुराची रेघ इथून दिसावी. दिसायचं सगळं, जाता मात्र यायचं नाही. मध्ये खाडी होती, आणि खाडीत असे काही खडक होते की होडी आडवी घालायची कुणाची छाती नव्हती. होड्या निघायच्या त्या बाहेरच्या समुद्राकडे. आवडीचा नवराही तिकडेच असायचा, मासळीच्या मागे.

पण अवसेच्या तोंडावर दोन-तीन पहाटा समुद्र फार मागे सरायचा. इतका मागे, की बेटापासून पलीकडच्या काठापर्यंत वाळूचा एक दांडा उघडा पडायचा. त्या दांड्यावरून माणसं चालत जायची-यायची. इकडून सुकट आणि नारळ जायचे, तिकडून तांदूळ आणि कुळीथ यायचे. सोयरेधायरेही त्याच वाटेनं यायचे. पुनवेलाही वाळू उघडी पडे, पण ती सांजवेळी, आणि पलीकडे पोचेतो रात्र पडायची. म्हणून बायकामाणसांची वाट अवसेचीच. ही वाट फार वेळ उघडी राहत नसे. आणि ती कधी उघडली हे एकटा चंद्र सांगायचा. पूर्वेच्या डोंगरावर त्याची बारीक कोर डोकं काढायची, तेव्हा पाणी सगळ्यात खाली गेलेलं असायचं. कोर वर चढू लागली की पाणीही चढू लागायचं.

आता गंमत अशी, की आवडीचं माहेर त्या डोंगराच्या अगदी पायथ्याला. त्या लोकांना डोंगर आड यायचा. त्यांना कोर दिसेपर्यंत पाणी माघारी फिरलेलं असायचं. बेट लांब होतं म्हणून इथून डोंगर ठेंगणा दिसे आणि कोर आधी दिसे. त्यामुळे रीत अशी पडली होती, की बेटाच्या टोकावरच्या कातळावर एकीनं बसायचं, कोर दिसली की आगटी पेटवायची, आणि पलीकडच्यांनी आगटी बघून पाऊल उचलायचं. माणसाला ओढून नेईल अशी पाण्याची धार पलीकडच्या काठाला लागून होती. अंधारात बेटावरून ती दिसायचीच नाही.

आगटी पेटवायचं काम आवडीच्या सासूकडे होतं. सासू बोलायला तिखट, पण आतून मऊ. पुढे तिच्या डोळ्यांवर पडदा येऊ लागला, तेव्हा तिनं सुनेला हाक मारली.

"आवडे, उद्यापासून कातळावर तू बस."

"मी कशी बसू आत्याबाई? मला काय कळतंय आभाळातलं?"

"लग्न होऊन आल्यापासून तू पूर्वेकडेच तोंड करून बसलीयेस. भाकरी थापतेस ती पूर्वेला, धुणं वाळत घालतेस ते पूर्वेला. मान वाकडी व्हायची वेळ आली. त्या बघण्याचा गावाला काही उपयोग होऊ दे की."

आवडी लाजली. सासू खोटं बोलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोघी कातळावर जाऊन बसल्या. वारा खारा होता. नारळीच्या सुक्या झावळ्यांचा ढीग शेजारी रचून ठेवला होता. सासूनं बोट वर केलं.

"तो वर पिवळसर दिसतोय, न लुकलुकणारा, तो गुरू. दिसतोय का तुला? मला आता नुसता ठिपका दिसतो. त्याच्या खाली, डोंगराच्या वर, पांढरीफेक आहे ती शुक्राची चांदणी. दोघंही देखणे आहेत. पण त्यांचं पाण्याशी काही नातं नाही. आज ते कोरीच्या आधी येतील, चार महिन्यांनी मागून येतील, कधी येणारच नाहीत. पाणी ओळखतं ते फक्त चंद्राला."

"मग कोर आली हे कसं ओळखायचं?"

"आधी तिची टोकं दिसतात. दोन. वासराला कोवळी शिंगं फुटावीत तशी. मग खालून वाटी वर येते. आणि नीट पाहिलंस तर त्या वाटीत उरलेला चंद्र धुरकट दिसतो, झोपल्यासारखा. पण तितकं थांबायचं नाही. दोन टोकं दिसली की पेटवायचं. दोन, कळलं?"

"एक दिसलं तर?"

"तर गप्प बसायचं," सासू म्हणाली. "एक टोक काहीही असू शकतं."

त्या पहाटे दोन टोकं वर आली, आवडीनं झावळी पेटवली, आणि पलीकडे अंधारात झावळ्यांची एकेक पेटती चूड हलू लागली. माणसं आली. कुणाचा जावई आला, कुणाची मावशी आली. आवडीकडे कोणी आलं नाही.

त्या गावांत सुनेनं आपल्या पायानं माहेरी जायचं नसे. माहेरचा मुराळी न्यायला आला तरच जायचं. आवडीला भाऊ एकच, लखू, धाकटा. वडील नव्हते. शेताचा सगळा भार लखूवर. आज येतो, उद्या येतो करत दिवस निघून गेले. आवडी दर अवसेला आगटी पेटवायची आणि येणाऱ्या प्रत्येक चुडीत लखूची चाल शोधायची. लखू जरा डाव्या पायावर जोर देऊन चालायचा. एखादी चूड तशी हलताना दिसली की ती उठून उभी राहायची. जवळ आल्यावर कळायचं, पायात काटा मोडलेला कुणी दुसराच आहे.

दिवाळी होऊन गेली आणि सुकटवाली निरोप घेऊन आली. ही बाई वाट उघडली की सगळ्यात आधी जायची आणि सगळ्यात शेवटी यायची, आणि तिच्या टोपलीत सुकटीपेक्षा बातम्या जास्त असायच्या.

"आवडे, तुझा लखू येतोय पुढच्या कोरीला. तुझ्या आईनं टोपली भरायला घेतलीये. म्हणाली, पोरीला सांग, तयार राहा. शेतात कापणी पडलीये, लखूला थांबता यायचं नाही. येईल तो त्याच वाटेनं तुला घेऊन परत फिरेल."

"त्याच वाटेनं? तितका वेळ वाट राहते का?"

"पाय उचलून चाललात तर राहते," सुकटवाली म्हणाली. "नाहीतर तुम्हा बहीणभावांना मासे खातील, आणि मग मी तेच मासे सुकवून विकीन."

आवडी हसली, पण तिच्या डोक्यात वेळाचा किडा शिरला. वाट उघडी असेल त्यातला अर्धा वेळ यायला, अर्धा जायला. मध्ये पाणी तरी पिऊ शकेल का लखू? टाच वळवायला तरी सवड मिळेल का? ती दिवसभर ह्याच विचारात. चतुर्दशीच्या पहाटे ती गाठोडं बांधून, वेणी घालून, किती आधी येऊन कातळावर बसली. सासू घरी झोपली होती.

गुरू वर आला होता. पलीकडच्या काठावर चुडी जमल्या होत्या. त्यातली एक जरा पुढे, पाण्याच्या अगदी कडेला उभी होती. आवडीला वाटलं, हाच लखू.

मग डोंगराच्या कडेवर एक लखलखीत टोक उगवलं.

आवडी उठून उभी राहिली. ते टोक कडेवर थरथरत होतं, धुक्यानं जरा लांबट दिसत होतं. तिनं दुसरं टोक शोधलं. नव्हतं. तिचं मन म्हणालं, पहिलं आलंय, दुसरं येतंच आहे. झाडाआड असेल. आणि त्याच मनाच्या एका कोपऱ्याला माहीत होतं, की ही शुक्राची चांदणी आहे, रोज बघतेस तीच आहे. पण त्या कोपऱ्याचा आवाज बारीक होता. ओढ लागलेल्या माणसाला स्वतःला फसवायला फार कष्ट पडत नाहीत. तिनं झावळी पेटवली.

पलीकडच्या चुडी हलल्या.

आवडी डोंगराकडे बघत राहिली. टोक वर सरकलं, डोंगरापासून सुटलं आणि गोल झालं. पांढरीफेक चांदणी. तिच्या खाली काळोख. कोरीचा पत्ता नाही.

आग विझवावी तर धारेत उतरलेल्यांना दिशा कळायची नाही. न विझवावी तर मागचे आणखी येतील. तिनं हाका मारल्या, त्या वाऱ्यानं मागे बेटावर नेल्या. चुडी एकेक करून विझताना तिला दिसल्या. पाण्यात विझल्या की माणसांनी फेकल्या, इथून कसं कळणार?

कितीतरी वेळानं डोंगरावर दोन कोवळी शिंगं उगवली. कोर वर आली, तशी पूर्व जरा उजळली आणि पाण्याबाहेर आलेला वाळूचा दांडा दिसू लागला. आवडीनं पाहिलं. माणसं पलीकडच्या काठावर परतलेली होती, ओलीचिंब, एकमेकांना धरून. आणि काठाजवळच्या त्या धारेशी, जाळी बांधायच्या खुंटाला मिठी मारून, एकजण लटकला होता. पाणी पार उतरलं होतं, तो खाली आला. टोपली नव्हती त्याच्याकडे. तो वाळूवर उभा राहिला, कातळावरच्या आगीकडे बघत. मग त्यानं पाठ फिरवली आणि डाव्या पायावर जोर देत आपल्या काठाकडे चालू लागला.

आवडी कातळावरून उतरून दांड्यावर धावत सुटली. मुराळी नाही, रीत नाही, कशाचं भान राहिलं नाही. अर्ध्या वाटेत तिच्या घोट्याला पाणी लागलं. ते भरतीचं होतं. ती माघारी आली.

बेटावर एकच गलका झाला. सासूला कळलं तेव्हा ती चाचपडत बाहेर आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "आगटी मी पेटवली. पोरगी झोपली होती. माझ्या डोळ्यांचं माहितीये तुम्हाला."

म्हातारीला कोण काय बोलणार? पण आवडी म्हणाली, "नाही, मी पेटवली. एकच टोक दिसत होतं आणि मी पेटवली."

घरात गेल्यावर सासूनं तिला धारेवर धरलं. "वेडे, मी झाकत होते ना? आता काठावरचं गाव म्हणेल, बहिणीनंच भावाला पाण्यात घातलं."

"तेच झालं ना आत्याबाई."

सासूनं चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "पुढच्या कोरीला तूच बसायचं."

"मला नको आता ते."

"दुसरीला बसवलं तर तिला हे सगळं पहिल्यापासून शिकावं लागेल. कोण जाणे कुणाच्या जिवावर शिकेल."

मग आवडी पुन्हा कातळावर बसू लागली. दोन टोकं दिसल्याशिवाय काडी लावायची नाही. दोन टोकं दिसत, ती पेटवी, आग उंच होई, आणि पलीकडे एक चूड हलत नसे. काठावरचं गाव आता त्या आगीला मानत नव्हतं. ते लोक डोंगरावर चंद्र यायची वाट बघत बसायचे, आणि तोपर्यंत पाणी फिरलेलं असायचं. बेटावरचे काही जीव मुठीत धरून जात, दोन शेर तांदूळ घेऊन धापा टाकत परत येत. बेटावर कांजी पातळ झाली. कुणी आवडीला तोंडावर बोललं नाही, पण विहिरीवर ती आली की बायकांचं बोलणं थांबायचं.

तिला त्याचं दुःख नव्हतं. ती कातळावर बसून आभाळ बघायची. गुरू दर महिन्याला आणखी वर सरकलेला असायचा. चांदणी मात्र खाली खाली, उजेडाकडे सरकत होती. कोर त्याच डोंगरावर, तशीच कोवळी. सगळे येत होते, आपापल्या वेळेला. त्यांच्या खाली एका घरात तिची आई निजलेली असेल, कुशीवर वळली असेल, उठून चुलीतली राख काढत असेल. आवडी मनातल्या मनात तिच्यासोबत उठायची, राख काढायची, अंगण झाडायची. तितक्यात उजाडायचं.

होळी होऊन गेली. सुकटवाली एकदा पाण्यातून भिजत परत आली ती थेट आवडीकडेच.

"तुझी आई खाटेला टेकलीये गं. फार नाही, पण टेकलीये. लखूला म्हणाली, बहिणीला आण. लखू म्हणाला, त्या आगीच्या भरवशावर मी पाऊल टाकणार नाही. तर म्हातारीनं दोन दिवस अन्न सोडलं. आता म्हणतो, जातो. पुढच्या कोरीला काठावर उभा राहतो म्हणाला."

तो महिना आवडीला सरता सरेना. आणि चतुर्दशीच्या पहाटे उठून बघते तर काय, आभाळात ढग. अवकाळी, काळे, ओले ढग, पूर्वेला डोंगरावर जाड घोंगडी टाकल्यासारखे. वर एका फटीतून तेवढा गुरू दिसत होता.

त्या दिवशी कातळावर ती एकटी नव्हती. अर्धं बेट आलं होतं. घरात दाणा नव्हता कुणाच्या. पलीकडे पाण्याच्या कडेला एकच चूड होती.

वेळ चालला. ढगाला आणखी एक फट पडली आणि तीतून चांदणी दिसली, जरा वर, स्वच्छ.

"आली बघ चांदणी," एक म्हातारा म्हणाला. "पेटव."

"कोर नाही दिसली, आबा."

"अगं ढगाआड आहे. गेल्या खेपेला चांदणी आली आणि मागोमाग कोर आली. मी स्वतः पाहिलं."

"मागोमाग आली. पण किती मागोमाग, ते चांदणी सांगत नाही."

"वाट उघडली असेल आता. बघतेस काय?"

"उघडली असेलही," आवडी म्हणाली. "नसेलही."

एक बाई पुढे झाली. "तुझाच भाऊ आहे ना तो तिकडे? आई आजारी आहे ना तुझी? दगडाची आहेस का गं?"

काडी आवडीच्या मुठीत होती. समोर ती चूड उभी होती, न हलता, आवडीच्या आगीची वाट बघत. नुसती एक झावळी पेटवायची. वाट बहुधा उघडी होती. भाऊ बहुधा पोचला असता. त्या 'बहुधा'वर तिनं एकदा भावाला उभं केलं होतं. ती काडीवर बसली. खरंच, काडी पदराखाली ठेवून तिच्यावर बसली, कुणी हिसकावून घेऊ नये म्हणून.

सासू तिच्या शेजारी येऊन टेकली.

पूर्व करडी झाली, मग पांढरी झाली. ढग हलले नाहीत. पलीकडची चूड जळत जळत खाली आली आणि संपली. उजाडल्यावर दिसलं, भरती दांड्यावर चढत होती आणि एक माणूस काठावरून गावाकडे चालला होता. आवडी तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली. लोक पाय आपटत घरी गेले. त्या दिवशी ती जेवली नाही. आई आपल्याला विचारत विचारत डोळे मिटेल, आणि आपण इथे काडीवर बसून असू, असं तिला वाटत राहिलं. पुढचा सगळा महिना तिनं तसाच काढला. माहेरच्या घरावर धूर दिसला की म्हणायची, आहे अजून.

पुढची चतुर्दशी स्वच्छ आली. गुरू डोक्याकडे गेला होता. चांदणीचा पत्ता नव्हता, ती आता उशिरा यायची. अंधाऱ्या डोंगरावर एक टोक उगवलं. आवडी थांबली. मग दुसरं उगवलं. दोन कोवळी शिंगं. तिनं आगटी पेटवली आणि नेहमीच्या सवयीनं खाली बघत बसली. कोणी यायचं नाही हे तिला माहीत होतं.

"आवडे," सासू म्हणाली. "मला धड दिसत नाही. पण पलीकडे काहीतरी हलतंय का?"

पलीकडे चुडींची रांग लागली होती. एक नाही, दोन नाही, सगळं गाव निघाल्यासारखी. पाटी घेतलेले, पोतं घेतलेले, पोरं खांद्यावर घेतलेले. आणि रांगेच्या पुढे एक चूड डावीकडे जरा जास्त झुकत येत होती.

लखू कातळावर चढून आला. गुडघ्यापर्यंत वाळू लागलेली. बहीणभाऊ एकमेकांसमोर उभे राहिले.

"बारीक झालीस," लखू म्हणाला.

"आई?"

"आहे. तुझी वाट बघतेय. आता उठून बसते, मला शिव्या घालते."

"लखू, मागच्या खेपेला तू काठावर उभा होतास. मला दिसत होतास. ढग होते रे. मी पेटवली नाही."

"माहितीये," लखू म्हणाला. "मी रागावून घरी गेलो होतो. आईला म्हटलं, बघ, तुझ्या लेकीला मी नकोच आहे, आगसुद्धा पेटवली नाही. तर आई पहिल्यांदा पोटभर जेवली त्या दिवशी. म्हणाली, वेड्या, पेटवली नाही म्हणजेच तू तिला हवा आहेस. मग सगळ्या गावाला तेच सांगत सुटली खाटेवरून. म्हणाली, भाऊ समोर उभा असताना जिनं हात आवरला, तिच्या आगीच्या भरवशावर डोळे मिटून चाला."

आवडीनं तोंडावर पदर घेतला. सासूनं तिच्या हातातली जळकी झावळी काढून घेतली.

"रडायचंय ते तिकडे जाऊन आईच्या मांडीवर रड," ती म्हणाली. "कोर चढायला लागली. मी आहे आगीपाशी. आग नुसती जळत ठेवायला डोळे लागत नाहीत."

आवडीनं सासूच्या पायांना हात लावला, गाठोडं उचललं, आणि भावाच्या मागोमाग ओल्या वाळूवर पाऊल टाकलं. डोंगरामागून चांदणी नुकती वर येत होती. कुणी तिच्याकडे बघितलं नाही.

तात्पर्य: ज्याच्या येण्याची आपल्याला ओढ आहे, त्याच्या वाटेशी कधी खोटं बोलू नये. एक वेळ त्याला काठावरून परत जाताना बघावं.